‘विश्वातील एकूण ऊर्जा’ : एका परिचित वाक्याची तपासणी

ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, तिचे फक्त रूप बदलते, हा नियम आपल्याकडे माध्यमिक शाळेतच शिकवला जातो. या नियमाला पुष्कळदा एक शेपूट जोडलेले असते : म्हणून विश्वातील एकूण ऊर्जा कायम असते. या लेखात आम्हांला तपासायचे आहे ते हे शेपूट. मूळ नियमावर आमचा आक्षेप नाही. पण शेपटाबद्दल एखाद्या चौकस विद्यार्थ्याने नेमका प्रश्न विचारला, तर लोकप्रिय विज्ञानाची पुस्तके शिक्षकाच्या हाती जी उत्तरे देतात त्यांतली बरीचशी कच्ची आहेत, असे आमचे मत आहे.

हे शेपूट जुने आहे. जूलने पाण्यात वल्ही फिरवून उष्णता मोजली, हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये नियमाची सर्वसाधारण मांडणी केली आणि १८६५ मध्ये क्लाउसियसने एका निबंधाच्या शेवटी सगळ्या विश्वाची ऊर्जा स्थिर असल्याचे जाहीर करून टाकले. भांड्यातल्या पाण्यावरून विश्वावर मारलेली ही उडी होती. त्या काळी ती मोठी वाटली नाही, कारण विश्व म्हणजे एक फार मोठे पण स्थिर भांडे अशीच सर्वांची समजूत होती. स्लायफरने दीर्घिकांचे वर्णपट घ्यायला सुरुवात केली ती १९१२ मध्ये आणि दीर्घिका जितकी दूर तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक, हे हबलने दाखवले ते १९२९ मध्ये. तेव्हा क्लाउसियसला दोष देण्यात अर्थ नाही. दोष असेलच तर १९२९ नंतरही ‘विश्व’ हा शब्द विचार न करता पुढे चालवणाऱ्यांचा आहे.

अडचण काय आहे ती आकड्यांत पाहू. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना त्याचे तापमान सुमारे ३००० केल्विन होते. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन एकत्र येऊन हायड्रोजनचे अणू बनले, विश्व पारदर्शक झाले आणि तेव्हा सुटलेला प्रकाश आजही सर्व दिशांनी आपल्याकडे येत आहे. पेन्झियास आणि विल्सन यांना १९६५ मध्ये जाहीर झालेल्या शोधात सापडले ते हेच सूक्ष्मतरंग प्रारण. त्याचे आजचे तापमान २.७२५ केल्विन आहे आणि दर घनसेंटिमीटरला त्याचे सुमारे ४११ फोटॉन आहेत. मधल्या काळात विश्वातील अंतरे सुमारे १०९० पट झाली आणि तितक्याच पटीने प्रत्येक फोटॉनची तरंगलांबी ताणली गेली. फोटॉनची ऊर्जा तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे ती १०९० पटीने घटली.

आता विश्वाबरोबर वाढत जाणारी एक काल्पनिक पेटी घ्या. तिच्यातील फोटॉनांची संख्या जवळजवळ कायम राहिली आहे; जितके बाहेर जातात तितके बाहेरून आत येतात. प्रत्येकाची ऊर्जा मात्र १०९० भागांपैकी एक भागच उरली आहे. बाकीचे १०८९ भाग कोठे गेले?

असा प्रश्न आला की भौतिकीत मुरलेला माणूस आधी चोर शोधतो. त्याची ही सवय अनुभवाने पक्की झालेली आहे. बीटा क्षयात ऊर्जा कमी भरते असे दिसल्यावर खुद्द नील्स बोर नियम सोडायला तयार झाले होते. पाउली यांनी मात्र १९३० मध्ये एक न दिसणारा कण ऊर्जा घेऊन जात असावा असे सुचवले आणि १९५६ मध्ये राइन्स व कोवान यांनी तो न्यूट्रिनो प्रत्यक्ष पकडला. ही कथा आपण वर्गात रंगवून सांगतो, आणि सांगावीच. पण तिच्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात असे बसते की प्रत्येक तुटीमागे एखादा छुपा खिसा असतोच.

प्रारणाच्या तुटीसाठी सर्वाधिक प्रचलित असलेला खिसा म्हणजे ‘प्रसरणाचे कार्य’. सायकलच्या ट्यूबमधून हवा सोडली की ती बोटाला गार लागते. दाबाखालचा वायू प्रसरण पावताना बाहेरच्या हवेला ढकलतो, कार्य करतो आणि त्याची ऊर्जा तेवढ्याने कमी होते. प्रारणालाही दाब असतो, तेव्हा विश्व वाढवण्यात त्याची ऊर्जा खर्च झाली, असे हे उत्तर. गणिताने ते तंतोतंत जुळते. आकारमान वाढले की ऊर्जा दाब गुणिले आकारमानातील वाढ इतकी घटते, हे समीकरण पेटीला लावले तर फोटॉनची ऊर्जा नेमकी अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. बरोबर आकडा मिळाल्यामुळे बहुतेक लेखक येथे समाधानाने थांबतात.

आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. ट्यूबमधल्या हवेने ढकलले ते बाहेरच्या हवेला, आणि ऊर्जा तिच्याकडे गेली. दट्ट्या असता तर दट्ट्याकडे गेली असती. आपल्या पेटीने कोणाला ढकलले? शेजारच्या पेटीला. पण शेजारची पेटीही तितक्याच दाबाने उलट ढकलते आहे आणि तिचीही ऊर्जा तितकीच घटते आहे. तिच्या शेजारचीही. रांगेतला प्रत्येक दुकानदार म्हणतो की माझे पैसे शेजाऱ्याकडे गेले, आणि प्रत्येकाचाच गल्ला रिकामा होतो आहे, असा हा प्रकार आहे. रांगेच्या टोकाला भिंत असती तर सगळा पैसा भिंतीपाशी सापडला असता. विश्वाला अशी भिंत नाही.

शिवाय दाब सगळीकडे सारखा असेल तर त्यातून बल निर्माण होत नाही. बलाला दाबातला फरक लागतो. म्हणजे प्रारणाच्या दाबाने विश्व ‘फुगवले’ हे चित्रच चुकीचे आहे. उलट व्यापक सापेक्षतावादात दाबालाही गुरुत्वाकर्षण असते. प्रारणाने भरलेले विश्व त्याच घनतेच्या थंड द्रव्याने भरलेल्या विश्वापेक्षा अधिक जोराने मंदावते. पहिल्यात अंतरे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात, दुसऱ्यात काळाच्या दोन-तृतीयांश घाताच्या. फोटॉनांनी आपली ऊर्जा प्रसरणाला दिली असेल, तर प्रसरणाने घेतलेल्या ऊर्जेची ही पावती फारच विचित्र म्हणायला हवी! समीकरण बरोबर आणि सोबत सांगितलेली गोष्ट चूक, असे विज्ञानलेखनात पुष्कळदा घडते. हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

स्टीव्हन वाइनबर्ग यांचे १९७७ मधील ‘द फर्स्ट थ्री मिनिट्स’ हे पुस्तक या बाबतीत अधिक सावध आहे. बाल्यावस्थेतील विश्वात काय काय होते हे ठरवण्यासाठी ते अक्षय्य राशींची यादी करतात : विद्युतप्रभार, बेरिऑन संख्या, लेप्टॉन संख्या. या यादीत ऊर्जा नाही. तिच्या जागी तापमान आहे, आणि ते तर प्रसरणाबरोबर उतरत जाते. शाळेत पहिल्याने शिकलेली अक्षय्य राशी येथे नाही, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. वाइनबर्ग चुकीचे काही सांगत नाहीत. पण शिक्षकाच्या दृष्टीने याच ठिकाणी एखादे पान अधिक हवे होते.

हॉकिंग यांनी १९८८ च्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’मध्ये उलट फार खात्रीने बोलून टाकले आहे. द्रव्याची ऊर्जा धन, गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा ऋण, आणि सर्वत्र साधारण सारख्या असलेल्या विश्वात या दोन्ही नेमक्या एकमेकींना खोडून काढतात, म्हणून विश्वाची एकूण ऊर्जा शून्य, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ही कल्पना त्यांच्या आधी १९७३ मध्ये एडवर्ड ट्रायॉन यांनी ‘नेचर’मध्ये मांडली होती. ती आकर्षक आहे. शून्य दुप्पट केले तरी शून्यच, मग विश्व कितीही वाढले तरी नियम सुरक्षित. विद्यार्थ्यांना हे उत्तर फार आवडते.

आम्हांला ते पटत नाही, आणि त्याचे कारण मोजमापाशी निगडित आहे. सूर्याची एकूण ऊर्जा, म्हणजेच वस्तुमान, आपण कशी काढतो? सूर्यापासून दूर उभे राहून त्याचे आकर्षण मोजतो. ग्रह किती वेळात फेरी मारतात ते पाहतो. गुरुत्वाकर्षणाच्या ऋण ऊर्जेसकट सगळी बेरीज त्या मापात आपोआप येते. व्यापक सापेक्षतावादातही एकट्या पडलेल्या वस्तूची एकूण ऊर्जा अशीच, दुरून, काटेकोरपणे ठरवता येते. पण विश्वापासून दूर कोठे उभे राहणार? बाहेरची जागाच नाही. बंदिस्त विश्वासाठी ‘एकूण ऊर्जा शून्य’ म्हणता येते, पण तेथे ते विधान शून्य बरोबर शून्य इतकेच सांगते; विश्वात काय भरले आहे यावर ते अवलंबूनच नसते. आणि प्लांक उपग्रहाच्या मापनांनुसार आपले विश्व, मापनाच्या मर्यादेत, सपाट दिसते. सपाट आणि अमर्याद विश्वात एका अनंतातून दुसरा अनंत वजा करून शून्य मिळवायचे, याला हिशेब म्हणता येणार नाही.

येथे दोन वेगळ्या बेरजा नकळत मिसळल्या जातात, तेही सांगितले पाहिजे. न्यूटनच्या पद्धतीने दूर जाणाऱ्या एका दीर्घिकेची गतिज ऊर्जा व स्थितिज ऊर्जा मिळवली तर ती बेरीज खरोखर कायम राहते, आणि सपाट विश्वात ती शून्य भरते. मिल्न आणि मॅक्रे यांनी १९३४ मध्ये दाखवलेली ही सुंदर गोष्ट अकरावी-बारावीच्या वर्गात फळ्यावर करता येते. पण या बेरजेत द्रव्याची वस्तुमानात साठलेली ऊर्जा धरलेलीच नाही. ट्रायॉन यांच्या बेरजेत ती धरलेली आहे. एका बेरजेचे शून्य उचलून दुसरीच्या खाली लिहिणे योग्य नव्हे.

मग मुळात चूक कोठे होते आहे? ऊर्जा अक्षय्य का असते, हा प्रश्न आपण वर्गात विचारतच नाही. समजा, गुरुत्वाकर्षण रात्री निम्म्याने कमी होत असते. मग शाळेच्या गच्चीवरील टाकीत रात्री पंपाने पाणी चढवायचे, दिवसा ते खाली सोडून चक्र फिरवायचे, आणि घातली त्याच्या दुप्पट ऊर्जा रोज फुकट मिळवायची. हे होत नाही, कारण गुरुत्वाकर्षण काल होते तेच आज आहे. ऊर्जेची अक्षय्यता आणि निसर्गाचे नियम व परिस्थिती काळानुसार न बदलणे, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केले ते एमी नोएथर या गणितज्ञ स्त्रीने, १९१८ मध्ये, जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे. त्या काळी विद्यापीठ तिला अधिकृत पद देत नव्हते. तिची व्याख्याने हिल्बर्टच्या नावाने जाहीर होत.

नोएथरचे प्रमेय ज्या प्रश्नातून निघाले तो प्रश्न मात्र सहसा सांगितला जात नाही. आइनस्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धांतात ऊर्जेचा नियम नेहमीच्या अर्थाने बसत नाही, अशी शंका हिल्बर्टला आली होती. त्याने व क्लाइनने या कोड्यात नोएथरची मदत घेतली, आणि तिच्या निबंधाने ती शंका रास्त ठरवली. आज जे प्रमेय ऊर्जेच्या नियमाचा पाया म्हणून सांगितले जाते, त्याच निबंधात त्या नियमाची मर्यादाही लिहिलेली आहे. प्रसरणशील विश्वात पार्श्वभूमीच काळाबरोबर बदलते. कालचे विश्व आजच्यासारखे नव्हते. मग एकूण ऊर्जा कायम राहावी अशी अपेक्षा करायला आधार कोणता?

अर्थात याचा अर्थ वाटेल ते घडते असा नाही. व्यापक सापेक्षतावादात ऊर्जा व संवेग यांचा हिशेब प्रत्येक लहान जागेपुरता, थोड्या वेळापुरता चोख असतो. आत किती आले, बाहेर किती गेले हे जुळते. अडचण येते ती दूरदूरचे आकडे मिळवताना. ऊर्जा ही सुटी संख्या नाही. ती आणि संवेग मिळून चार घटकांची सदिश राशी होते. पुण्यातला ओळंबा आणि नागपुरातला ओळंबा यांच्या दिशांत सुमारे साडेपाच अंशांचा फरक असतो. दोन्हीकडे ‘खाली’ हाच शब्द असला तरी. सपाट कागदावर एक बाण सरळ उचलून दुसऱ्याशेजारी ठेवता येतो. वक्र पृष्ठावर तो कोणत्या वाटेने नेला यावर त्याची दिशा अवलंबून राहते. वक्र अवकाश-काळात लांबलांबच्या ऊर्जा मिळवण्याची एकमेव, सर्वमान्य रीत नाही. आइनस्टाइनने १९१६ पासून एक पर्यायी हिशेब सुचवला; पण त्यातले आकडे निर्देशांकांची निवड बदलली की बदलतात, असा आक्षेप श्रोडिंगरने १९१८ मध्येच घेतला होता.

एका फोटॉनपुरते बोलायचे तर आणखी साधे उत्तर आहे आणि ते आम्हांला विशेष आवडते. एका ओळीत उभी असलेली मुले एकमेकांपासून दूर सरकत आहेत, जितकी लांब तितकी वेगाने, अशी कल्पना करा. पहिल्याने एक चेंडू घर्षणरहित जमिनीवरून ओळीच्या दिशेने सोडला. चेंडूवर कोणतेही बल नाही. तरी दुसऱ्या मुलाला तो थोडा हळू आलेला दिसेल, तिसऱ्याला आणखी हळू, कारण तीही त्याच दिशेने पळत आहेत. प्रत्येक मुलाने चेंडूची गतिज ऊर्जा मोजली तर ती घटत गेलेली आढळेल. चेंडूने काही गमावले का? मोजणारा बदलला. फोटॉनची ताम्रसृती अशीच, वाटेतल्या असंख्य शेजारी निरीक्षकांमधल्या लहान लहान डॉप्लर परिणामांची साखळी म्हणून पाहता येते. बन आणि हॉग यांनी २००९ मध्ये एका शिक्षणविषयक भौतिकी नियतकालिकात हे मत आग्रहाने मांडले. ‘अवकाश ताणल्याने तरंग ताणला’ हे वर्णन चूक नाही, पण त्यामुळे अवकाश नावाचा कोणी रबरवाला फोटॉनची ऊर्जा काढून घेतो असे वाटू लागते.

या प्रश्नाचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी १९४८ मध्ये स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला. प्रसरण होऊनही घनता कायम राहायची तर नवे द्रव्य निर्माण व्हायला हवे. त्याचे प्रमाण होते एका घनमीटरमध्ये साधारण शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा एक अणू. एवढ्यासाठी या सिद्धांतावर ऊर्जेचा नियम मोडल्याचा आरोप झाला. प्रारणाचे १०९० भागांतले १०८९ भाग नाहीसे करणाऱ्या महास्फोट सिद्धांतावर तो सहसा होत नाही! हा पक्षपात आहे का? वरवर पाहता वाटतो, पण दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत. प्रारणाची तूट लहान जागेचा हिशेब न मोडता होते. नवा अणू कोठूनच न येता प्रकट झाला तर तो लहान जागेचाच हिशेब मोडतो. हे ओळखून मॅक्रे यांनी १९५१ मध्ये ऋण दाबाची कल्पना मांडली, आणि हॉइल व जयंत नारळीकर यांनी १९६० च्या दशकात ऋण ऊर्जेच्या ‘सी-क्षेत्रा’च्या साहाय्याने द्रव्यनिर्मितीचा हिशेब जुळवून दाखवला. सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध स्थिर-स्थिती सिद्धांताला जड गेला हे खरे. पण ऊर्जेच्या मुद्द्यावर हॉइल-नारळीकरांनी दाखवलेली दक्षता अनेक महास्फोटवादी लेखकांपेक्षा जास्त होती, हे नोंदवले पाहिजे.

गंमत अशी की ऋण दाब पुढे वेगळ्या दाराने परत आला. दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेगावत आहे असे १९९८ मध्ये दोन गटांनी दाखवले; २०११ चे नोबेल पारितोषिक पर्लमटर, श्मिट व रीस यांना त्यासाठी मिळाले. याला कारण मानली जाणारी कृष्णऊर्जा आज विश्वातील एकूण घनतेच्या सुमारे ६८ टक्के धरतात. तिची घनता खरोखर स्थिर असेल, तर पेटीची प्रत्येक बाजू दुप्पट होताच पेटीतली कृष्णऊर्जा आठपट होते. प्रारणात तूट होती, येथे वाढ आहे. दाब धन असेल तर पेटीतली ऊर्जा घटते, ऋण असेल तर वाढते, शून्य असेल तर कायम राहते, समीकरण तेच. ही घनता काळानुसार किंचित बदलत असावी असे संकेत २०२४ व २०२५ मध्ये डेसी प्रकल्पाच्या निरीक्षणांतून मिळाले आहेत, पण तो निकाल अजून पक्का झालेला नाही.

आता शिक्षकाची खरी चिंता. ‘ऊर्जा कायम राहत नाही’ एवढेच वाक्य विद्यार्थ्याने घरी नेले तर? १९९६ मध्ये तामिळनाडूतील एका माणसाने वनस्पतीच्या काढ्याने पाण्याचे पेट्रोल करण्याचा दावा केला तेव्हा त्याला देशभर प्रसिद्धी मिळाली होती. पुढे ती फसवणूक ठरली. इंधनाशिवाय चालणारी यंत्रे अधूनमधून बातम्यांत येतच असतात. त्यांच्यापुढे आपल्या हातातली काठी हा नियमच आहे आणि ती सोडायची नाही. सोडण्याचे कारणही नाही. आज विश्वप्रारणातला फोटॉन वर्षाला आपल्या ऊर्जेचा सुमारे १४०० कोटींतला एक भाग गमावतो, आणि तोही दीर्घिकांच्या पसाऱ्यात. सूर्यमाला, पृथ्वी, कारखान्यातले यंत्र ही गुरुत्वाने वा विद्युतबलाने बांधलेली आहेत. ती प्रसरण पावत नाहीत. तेथे पार्श्वभूमी काल होती तशीच आज आहे आणि नियम पूर्ण कडकपणे लागू आहे.

किती कडकपणे? हल्स आणि टेलर यांनी १९७४ मध्ये शोधलेले दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती पावणेआठ तासांत फिरतात, आणि गुरुत्वतरंगांतून ऊर्जा बाहेर जात असल्यामुळे त्यांचा आवर्तकाळ वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी घटतो. गणित आणि निरीक्षण यांत एका टक्क्याहून कमी फरक आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने टिपलेल्या घटनेत सूर्याच्या सुमारे ३६ व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे मिळून ६२ पटींचे एक झाले. उरलेली तीन सूर्यांइतकी ऊर्जा तरंगांतून निघून गेली. येथे दूर उभे राहून मोजायला जागा आहे, म्हणून बेरीज होते.

पाठ्यपुस्तकासाठी आमची सूचना लहान आहे. नववी-दहावीत ‘विश्वातील एकूण ऊर्जा’ऐवजी ‘बाहेरच्याशी देवाणघेवाण नसलेल्या व्यवस्थेची एकूण ऊर्जा’ असे लिहावे. अकरावी-बारावीत १०९० चा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. सायकलच्या ट्यूबचे उदाहरणही जरूर द्यावे, फक्त त्यापाठोपाठ विश्वाची भिंत कोठे आहे हे मुलांना विचारावे आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.